महागड्या दंतोपचारांपूर्वी दुसरे मत : का, कोठे आणि कसे घ्यावे?

येलहंका (बंगळुरू) : दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे गेलेला रुग्ण तासाभराने बाहेर पडतो, तेव्हा अनेकदा त्याच्या हाती एक छापील कागद असतो. तीन दाढांचे रूट कॅनाल, त्यावर तीन कॅप, दोन जुन्या फिलिंगची बदली, एक अक्कलदाढ काढणे आणि पूर्वी पडलेल्या दाताच्या जागी एक इम्प्लांट अशी यादी त्यावर असते. तळाशी लाखाच्या जवळपास जाणारी रक्कम असते. आजच काही रक्कम आगाऊ भरल्यास सवलत मिळेल, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात दुखत असते ती दाढ एकच.

हे चित्र कोणा एका दवाखान्याचे नाही. मोठ्या शहरांच्या विस्तारित भागांत राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला त्यातील काही ना काही ओळखीचे वाटेल. यादीतील प्रत्येक उपचार आवश्यक असण्याची शक्यता आहे, तशीच त्यातील निम्मे अनावश्यक असण्याचीही आहे. रुग्णाला स्वतःच्या तोंडात पाहून हे ठरवता येत नाही, हीच खरी अडचण होय.

येलहंका हे नाव मराठी वाचकांना इतिहासातून परिचित असू शकेल. बंगळुरू वसविणारे केंपेगौडा हे येलहंक्याच्या नाडप्रभू घराण्यातील. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आजचे येलहंका हे शहराच्या उत्तरेकडील मोठे उपनगर आहे. हवाई दलाचा तळ, १९८४ मध्ये सुरू झालेला रेल्वेचा चाके व आस बनविण्याचा कारखाना आणि २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ विमानतळ कार्यान्वित झाल्यानंतर त्या रस्त्यालगत वाढलेल्या वसाहती यांमुळे येथे देशभरातून बदलीवर वा नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. गावाकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा दंतवैद्य असतो. येथे तो नसतो. जवळचा दवाखाना किंवा शेजाऱ्याने सांगितलेले नाव यांवरच निवड होते. दुसऱ्या मताची गरज अशा कुटुंबांना अधिक भासते ती यामुळे.

एकदा कोरलेला दात पुन्हा भरून येत नाही

दंतोपचारांचे अर्थकारण इतर उपचारांहून वेगळे आहे. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींमध्ये अपघातामुळे करावे लागणारे उपचार वगळता दंतोपचारांचा समावेश नसतो. परिणामी जवळजवळ सर्व खर्च कुटुंबाच्या खिशातून होतो. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी विमा कंपनीचा अधिकारी तरी कागदपत्रे तपासून प्रश्न विचारतो. दाताच्या बाबतीत तसे विचारणारा कोणी मध्ये नसतो.

दुसरी बाब पैशाहूनही महत्त्वाची आहे. दातावरील कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, एकदा कोरून काढल्यावर शरीर ते पुन्हा तयार करू शकत नाही. कॅप बसवण्यासाठी दात चोहोबाजूंनी घासून लहान करावा लागतो. एक पडलेला दात ब्रिजने भरून काढायचा झाल्यास शेजारचे दोन दात, ते पूर्ण निरोगी असले तरी, आधारासाठी घासावे लागतात. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतील रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा गर काढून टाकला जातो. काढलेली दाढ परत बसत नाही. चुकीचे औषध थांबवता येते. चुकीने घासलेल्या दाताला आयुष्यभर कॅप लागते, आणि तीही दर काही वर्षांनी बदलावी लागू शकते.

प्रामाणिक दंतवैद्यांतही मतभेद का होतात?

दोन दंतवैद्यांनी दोन वेगळे सल्ले दिले म्हणजे त्यातील एक लबाड आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दंतवैद्यकात निर्णयाची बरीच जागा खरोखरच धूसर आहे.

एक्स-रेमध्ये दिसणारी कीड केवळ इनॅमलपुरती मर्यादित असेल, पृष्ठभाग खचला नसेल, तर फ्लोराइड, योग्य ब्रशिंग आणि खाण्यातील साखरेवर नियंत्रण यांमुळे ती तेथेच थांबू शकते; काही प्रमाणात दातात खनिजे पुन्हा भरतातही. अशा दातावर लक्ष ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणे हा सर्वमान्य मार्ग आहे. तरीही एखादा दंतवैद्य ‘कीड आहे, भरून टाकू’ असे म्हणतो. त्याच्या शिक्षणाच्या काळात तसेच शिकवले गेले असेल.

खोल गेलेल्या किडीबाबत मतभेद आणखी वाढतात. कीड गराच्या अगदी जवळ पोहोचली आहे, पण दाढ थंड पाण्याने क्षणभर ठणकते व लगेच शांत होते, अशा स्थितीत काही दंतवैद्य गरावर औषधी थर देऊन वर पक्के फिलिंग करतात आणि दाढ जिवंत ठेवण्याचा प्रयत्न करतात. इतर काही जण ‘पुढे करावेच लागेल’ म्हणून थेट रूट कॅनाल सुचवतात. याउलट, रात्री आपोआप ठणका लागत असेल, गरम पदार्थाने वेदना सुरू होऊन बराच वेळ टिकत असेल, मुळाच्या टोकाशी एक्स-रेमध्ये काळसर डाग दिसत असेल, तर रूट कॅनाल किंवा दाढ काढणे याशिवाय फारसा पर्याय उरत नाही. लक्षणांतील हा फरक रुग्णाने दोन्ही ठिकाणी नेमक्या शब्दांत सांगणे आवश्यक असते. ‘दुखते’ एवढेच सांगितल्यास तपासणाऱ्याचेही काम अवघड होते.

अक्कलदाढेचे उदाहरण बोलके आहे. कोणताही त्रास वा रोग नसलेल्या, हाडात अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, अशी मार्गदर्शक सूचना ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० मध्येच दिली होती. अनेक दंतवैद्य मात्र आजही पुढील त्रास टाळण्यासाठी त्या काढण्याचा सल्ला देतात. वारंवार सूज येत असेल किंवा शेजारची दाढ किडत असेल तर तो सल्ला योग्यच असतो.

पैशाचा प्रश्न

मतभेदांचे दुसरे कारण स्पष्टपणे मांडले पाहिजे. ज्याने निदान करायचे त्यानेच उपचार करून मोबदला घ्यायचा, अशी दंतवैद्यकातील रचना आहे. दवाखान्याचे भाडे, यंत्रांचे हप्ते आणि रिकामी राहणारी खुर्ची यांचा भार निदानावर पडतच नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

अमेरिकेतील पत्रकार विल्यम एसेनबार्गर यांनी १९९७ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’साठी २८ राज्यांतील ५० दंतवैद्यांकडे स्वतःचे दात तपासून घेतले. तोंड एकच, परंतु सांगितलेला खर्च पाचशे डॉलरच्या आतपासून सुमारे तीस हजार डॉलरपर्यंत होता. तो पत्रकारितेचा प्रयोग होता. स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी मात्र शास्त्रीय पद्धतीने तसाच प्रयोग केला. ज्याला उपचारांची गरज नव्हती असा एकच रुग्ण त्यांनी १८० दंतवैद्यांकडे पाठवला. त्यातील २८ टक्के भेटींमध्ये अनावश्यक उपचार सुचवले गेले. २०२० मध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या दंतवैद्यांकडे लगेच वेळ मिळत होता, म्हणजे ज्यांच्याकडे गर्दी कमी होती, त्यांच्याकडून अनावश्यक सल्ला मिळण्याची शक्यता अधिक होती. तसेच रुग्ण सुस्थितीतील दिसत असेल, तर त्याला असा सल्ला कमी वेळा मिळाला. श्रीमंताकडून जास्त उकळले जाते, या सर्वसाधारण समजाच्या हे नेमके उलट आहे.

भारतात डॉक्टरांनीच या विषयाला वाचा फोडली आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेशी संबंधित डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातील डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन अनावश्यक तपासण्या व उपचारांविषयी लेखन केले. त्यांचे ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे इंग्रजी पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो अभ्यास प्रामुख्याने रुग्णालयांचा होता. तथापि त्यात दिसणारी रचना दंतवैद्यकालाही लागू पडते.

हाती आलेला कागद कसा वाचावा?

दुसरे मत घेण्यापूर्वी पहिले मत नेमके काय आहे, हे रुग्णाला कळले पाहिजे. उपचारांच्या कागदावर ‘३६’, ‘४७’, ‘१५’ असे आकडे असतात. बहुतेक रुग्ण ते न वाचताच थेट तळाच्या रकमेकडे पाहतात. वस्तुतः हे आकडे म्हणजे दातांचे पत्ते आहेत. पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो. रुग्णाच्या उजवीकडील वरचा भाग १, डावीकडील वरचा २, डावीकडील खालचा ३ आणि उजवीकडील खालचा ४. दुसरा अंक समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत गेल्यास येणारा क्रमांक. म्हणजे ‘३६’ ही डावीकडील खालची पहिली मोठी दाढ आणि ‘१८’ ही उजवीकडील वरची अक्कलदाढ. लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी पहिला अंक ५ ते ८ असतो.

हे एकदा समजले की आरशासमोर उभे राहून यादी पडताळता येते. जो दात कागदावर आहे तो कधी दुखला काय, त्याचा वेगळा एक्स-रे काढला काय, की संपूर्ण जबड्याच्या एकाच चित्रावरून म्हणजे ओपीजीवरून अंदाज बांधला, हे प्रश्न त्यातून निघतात. ओपीजी हे एकंदर पाहणीसाठी उपयुक्त असले, तरी दोन दातांमधील बारीक कीड ठरवण्यासाठी त्या दातांचा लहान एक्स-रे अधिक विश्वसनीय मानला जातो.

किमतीतील मोठा फरक अनेकदा उपचारात नसून साहित्यात असतो. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप आणि झिर्कोनियाची कॅप यांच्या दरांत बराच फरक पडतो. मागची दाढ हसताना दिसत नसेल, तर महागड्या कॅपचा आग्रह का, हे विचारणे गैर नाही. दोन दवाखान्यांच्या रकमांची तुलना करताना दात तोच, उपचार तोच आणि साहित्य तेच आहे ना, हे पाहिल्याखेरीज ती तुलना निरर्थक ठरते.

येलहंक्याजवळ कोठे जावे?

दुसऱ्या मतासाठी पुन्हा एखाद्या खासगी दवाखान्यात जाण्यास हरकत नाही. मात्र तेथेही उपचार मिळवण्याचा हेतू मतावर परिणाम करू शकतो. म्हणूनच दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयाचा पर्याय अधिक विचारात घेण्याजोगा आहे. देशातील सर्वाधिक दंतमहाविद्यालये असलेल्या राज्यांत कर्नाटकाची गणना होते. येलहंक्याहून विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गावर हुनसमारनहळ्ळी येथे कृष्णदेवराय दंतविज्ञान महाविद्यालय व रुग्णालय आहे. शहराच्या मध्यभागी व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या परिसरात १९५८ मध्ये स्थापन झालेले शासकीय दंतमहाविद्यालय आहे.

अशा रुग्णालयांतील एक व्यवस्था फारशी कोणाला ठाऊक नसते. भारतात दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नऊ शाखा आहेत. त्यांपैकी मुखरोगनिदान व क्ष-किरणशास्त्र या शाखेचे काम प्रामुख्याने तपासणे आणि निदान करणे हे असते. महाविद्यालयात येणारा नवा रुग्ण सर्वसाधारणपणे प्रथम याच विभागात पाहिला जातो व तेथून रूट कॅनाल, हिरड्या, शस्त्रक्रिया किंवा कृत्रिम दात यांच्या विभागांकडे पाठवला जातो. निदान करणाऱ्याचा कॅप बसवण्याशी आर्थिक संबंध नसल्याने त्याचे मत तुलनेने निरपेक्ष राहते. शिवाय हिरड्या आणि इम्प्लांट असा गुंतागुंतीचा प्रश्न असल्यास एकाच इमारतीत दोन-तीन शाखांचे तज्ज्ञ उपलब्ध होतात.

त्रुटीही आहेत. वेळ अधिक जातो, रांगेत बसावे लागते, बरेचसे काम विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात आणि उपचार तेथेच घेतल्यास फेऱ्या वाढतात. परंतु केवळ मत घेण्यासाठी एक सकाळ खर्च करणे बहुतेकांना शक्य असते.

जाताना पहिल्या ठिकाणचे एक्स-रे, शक्यतो त्यांची डिजिटल प्रत, सोबत न्यावी. त्यामुळे पुन्हा एक्स-रे काढण्याचा खर्च आणि किरणोत्सर्ग दोन्ही टळतात. चालू औषधांची यादी, मधुमेह असल्यास अलीकडील रक्ततपासणी आणि रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास त्यांची माहिती हेही आवश्यक आहे. इम्प्लांट सुचवले असेल तर मधुमेह नियंत्रणात आहे काय आणि रुग्ण तंबाखू ओढतो काय, यांवर त्याचे यश बरेच अवलंबून असते. पहिल्या दंतवैद्याने हे प्रश्न विचारलेच नसतील, तर तेही पुरेसे सूचक आहे.

उपचारांची यादी मात्र लगेच पुढे करू नये. आधी एक्स-रे द्यावेत, तपासणी होऊ द्यावी, आणि दुसऱ्या दंतवैद्याने स्वतःचे मत सांगितल्यानंतरच पहिला कागद दाखवावा. अन्यथा मत स्वतंत्र राहत नाही. ते पहिल्या मतावरील शेरा बनते. खासगी दवाखान्यात गेल्यास ‘उपचार येथे करायचा नाही, केवळ मत हवे आहे, त्याचे शुल्क देऊ’ असे सुरुवातीलाच सांगणे उभयपक्षी सोयीचे असते.

दोन्ही मते जुळली तर प्रश्न मिटतो. न जुळल्यास कमी खर्चाचे मत ते योग्य, असे समजण्याचा मोह होतो, आणि तो धोक्याचा आहे. हिरड्यांचा आजार दुर्लक्षित राहिला तर आज वाचलेल्या पैशांच्या बदल्यात काही वर्षांनी दातच गमवावे लागतात. त्याऐवजी दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : हा उपचार आज केला नाही, तर सहा महिन्यांत काय होईल? ज्याच्या उत्तरात एक्स-रेवरील नेमकी जागा, दाताची चाचणी आणि कारण असते, ते मत अधिक वजनदार. केवळ ‘नंतर खर्च वाढेल’ एवढेच उत्तर मिळाले, तर थांबण्यास वाव आहे.

कधी थांबू नये?

काही प्रसंगी दुसऱ्या मताच्या शोधात वेळ घालवणे घातक ठरते. गालावर किंवा जबड्याखाली वाढती सूज, ताप, तोंड उघडण्यास वा गिळण्यास त्रास ही लक्षणे असतील तर संसर्ग मानेत पसरण्याचा धोका असतो. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. अपघातात पक्का दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या भागाने धरून, मूळ न घासता, दुधात ठेवून शक्यतो तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. तोंडातील जखम वा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा न झाल्यास, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी, तपासणी लांबवू नये.

तीव्र वेदनेतही मार्ग निघतो. दात उघडून पू काढणे, औषध भरून तात्पुरते सिमेंट लावणे एवढा उपचार करून वेदना थांबवता येते. कॅप, ब्रिज आणि इम्प्लांट यांचा निर्णय त्यानंतर काही दिवसांनी घेतला तरी सहसा चालतो. दुखत असताना कागदावर सही करणे टाळता येते, ते याच टप्प्यावर.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवला आहे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे रुग्णास जादा शुल्क न घेता व विलंब न लावता द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हाही त्यातील एक हक्क आहे. कन्नड न येणाऱ्या मराठी रुग्णाने हिंदीत वा इंग्रजीत पुन्हा समजावून मागणे हे त्यामुळे उपकार मागणे ठरत नाही. सनद स्वतः कायदा नाही. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा २००७ पासून आहे आणि २०१७ मध्ये, बेळगावच्या अधिवेशनाच्या काळात खासगी डॉक्टरांनी मोठे आंदोलन केल्यानंतर, त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार जिल्हा पातळीवर नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाची तरतूद आहे.

संमतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात जानेवारी २००८ मध्ये दिलेला निर्णय दंतोपचारांनाही उपयोगी पडतो. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम सांगितल्यावरच संमती वैध ठरते. एक दात तपासण्यासाठी खुर्चीत बसलेल्या रुग्णाचा दुसरा दात विचारल्याशिवाय कोरणे या कसोटीत बसत नाही.

दंतवैद्यांसाठीच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेनुसार रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपून ठेवणे आवश्यक आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, हे १९९५ मध्येच ठरले आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार कर्नाटक राज्य दंत परिषदेकडे करता येते. या सर्व ठिकाणी प्रथम विचारले जाते ते उपचारांचा लेखी कागद, एक्स-रे आणि पावत्या यांविषयी. दुसऱ्या दंतवैद्याने आपले मत लेखी दिले असल्यास तेही सोबत जोडता येते.